पर्पेतुआची वेणी

मासळी घेताना श्यामसुंदर तळवडेकर फार बोलत नसत. बोटानं वाटा दाखवायचा, पिशवी पुढे करायची, सुटे पैसे आधीच मुठीत. त्या रविवारी त्यांची नेहमीची कोळीण आली नव्हती, म्हणून दिवाळे गावच्या बाजारात अगदी शेवटच्या ओळीला जाऊन ते उभे राहिले आणि नाइलाजानं त्यांना तोंड उघडावं लागलं.

"बोंबील आजचेच आहेत ना, बाई?"

सुरमईवर कोयता टेकवून बसलेल्या म्हातारीचा हात थांबला.

"काय बोल्लास? परत बोल."

"नाही, म्हणजे... आजचे नसले तरी चालतील."

"बोंबलाचा ऱ्हाऊ दे. बोल काय तरी. काय पन बोल."

तळवडेकरांना घाम फुटला. शेजारच्या बाया हसायला लागल्या. "गोजराआये, गिऱ्हाईक पलल ना!" असं कुणीतरी ओरडलंही. म्हातारीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं चक्क डोळे मिटून घेतले होते. सत्तरी ओलांडलेली असावी. हाताची कातडी सुरकुतलेली, पण चापूनचोपून बांधलेल्या पांढऱ्या केसांत ताज्या आबोलीची वेणी.

"शिडावरचा शिनेमा," डोळे न उघडताच ती म्हणाली. "पादरीबाबाच्या जीपमदला. त्यो आवाज तुजा. तू त्यो मास्तर."

तळवडेकर मास्तर कधीच नव्हते. आयुष्यभर त्यांनी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि उरल्या वेळात वाचनालयं. पण शिडावरचा सिनेमा! अठ्ठेचाळीस वर्षांत ते शब्द कुणी त्यांच्यासमोर उच्चारले नव्हते.

"हो," ते म्हणाले. "मीच तो."

*

तेव्हा श्याम बावीस वर्षांचा होता. देवगडकडून पनवेलला मामाकडे आलेला, बी.ए. झालेला आणि बेकार. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मुलाखतीला जाऊन तो स्वतःचं नाव सांगतानाही अडखळला होता. मामा म्हणायचा, "हा घुम्या कुठे चिकटायचा?"

चिकटला तो फादर रुमावांकडे. फादर वसईचे. खाडीकाठच्या गावांतून जीप घेऊन औषधं, दूधपावडर वाटत फिरायचे. जीपमध्ये मागे एक सोळा एम.एम.चा प्रोजेक्टर आणि एक धुरकट जनरेटर असे, कारण नुसत्या औषधांना गाव जमत नाही, सिनेमाला जमतं, हे फादरांना पक्कं ठाऊक होतं. आणि सिनेमा एकच. कुठल्याशा परदेशी मिशननं धाडलेला, काळापांढरा, सुरुवातीची नावं कधीच तुटून गेलेली. त्याची भाषा कुठली ते फादरांनाही धड सांगता येत नसे. म्हणून आवाज बंद करायचा आणि मायक्रोफोनवर मराठीतून गोष्ट वाचायची. फादर स्वतः वाचायचे, पण त्यांच्या वसईच्या हेलाला लोक भलत्याच जागी हसायचे.

"श्याम, तू वाच," एकदा ते म्हणाले.

"मला नाही जमायचं, फादर. लोकांसमोर—"

"लोक कुठे समोर आहेत? ते पडद्याकडे बघणार. तू त्यांच्या पाठीमागे, अंधारात."

आणि अंधारात ते जमलं. हे श्यामला स्वतःबद्दल नव्यानंच कळलं. प्रोजेक्टर घरघरायला लागला, टॉर्चच्या काचेला लावलेल्या लाल कागदातून वहीवर अंधुक उजेड पडला, की त्याच्या घशातून एक गंभीर, भरदार, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा आवाज यायचा.

गोष्ट पर्पेतुआची. अठराशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज नावाचं शहर होतं, तिथल्या बड्या घरची ही बाविशीतली मुलगी. पदरात तान्हं मूल. ती ख्रिस्ती झाली म्हणून तिला कैदेत टाकलं. बादशहाच्या नावानं चिमूटभर धूप जाळ, सोडून देतो, एवढंच म्हणणं. म्हातारा बाप येऊन पायां पडला, बाळाकडे बघ म्हणाला. ती नाही म्हणाली. मग भरल्या मैदानात तिच्यावर पिसाळलेली गाय सोडली आणि शेवटी तलवार.

वहीत मात्र गाय नव्हती. फादरांनी ती खोडून रेडा केला होता. "आपल्या गावांत गाय माणूस मारते म्हणून कसं सांगायचं?" ते म्हणायचे. "पडद्यावर काळोखच आहे, शिंगं दिसली की पुरे."

दुसरा एक नियम फादरांचा होता. तलवार उगारली की ते भिंगासमोर हाताचा तळवा धरत. पडदा काळा. दीड मिनिट फक्त श्यामचा आवाज, आणि मग हात काढला की आकाश, ढग आणि शेवट. "मरण बघायचं नसतं," ते म्हणत. "ऐकायचं असतं."

पेण, उरण, पनवेलकडल्या किती गावांत ती वही वाचली! सिनेमा कधी शाळेच्या भिंतीवर, कधी धोतरावर, एकदा तर लग्नाच्या मांडवाच्या कनातीवर. दिवाळ्यात होडीचं शीड होतं. दोन डोलकाठ्यांमध्ये ताणून बांधलेलं, मिठानं ताठ झालेलं. त्याला वर उजवीकडे एक चौकोनी ठिगळ होतं आणि ते नेमकं पर्पेतुआच्या खांद्यावर यायचं. वारा सुटला की मैदान, रेडा, बादशहाचे शिपाई सगळेच हेलकावे खायचे. सुकटीचा वास, खाडीचं पाणी ओसरल्यावरचा चिखलाचा वास आणि जनरेटरचा धूर. आजही तळवडेकरांना कुठे रॉकेलचा वास आला की त्यांचे डोळे आपोआप पडदा शोधतात.

दिवाळ्यातल्या त्या संध्याकाळी सिनेमा सुरू व्हायच्या आधी बायकांत थोडी कुजबुज झाली होती. एका तरण्या पोरीला पुढे बसू दिलं नाही. तीन महिन्यांपूर्वी तिचा नवरा खाडीच्या मुखाशी होडी उलटून गेला होता. कपाळ मोकळं, हात मोकळे, केस विस्कटलेले. ती उठून पार मागे, जीपच्या चाकाला टेकून बसली. श्यामपासून हातभर अंतरावर. त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

फादरांनी तळवा धरला. पडदा काळा झाला. आणि त्याच क्षणी श्यामचा टॉर्च विझला.

वहीत पुढे काय होतं ते त्याला साधारण आठवत होतं. "पर्पेतुआने आपले विस्कटलेले केस बांधले व ती मरणास सामोरी गेली. देवाची स्तुती असो." दोनच ओळी, पण त्या तो दर वेळी सावकाश, मध्ये थांबत थांबत वाचायचा. त्या रात्री, का कुणास ठाऊक, त्याच्या तोंडून भलतंच आलं:

"पर्पेतुआ म्हणाली, थांबा. आधी माझे केस बांधू द्या. मोकळे केस दुखवट्याचे. मी कुणाच्या मेहेरबानीवर उरलेली नाही, की मी तोंड लपवावं. माझे दिवस माझे आहेत, मग ते चार असोत की चारशे. माझ्या केसांत फूल माळा. बघणाऱ्यांना बघू द्या."

मागे कुणीतरी हुंदका दिला. फादरांचा हात भिंगासमोरून निघायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

परतताना जीपमध्ये फादर म्हणाले, "श्याम, फूल माझ्या कागदात नव्हतं." आणि बेलापूरचा चढ संपल्यावर, "टॉर्चला सेल नवे घे."

बस्स, तेवढंच. पण श्यामला ते चाबकासारखं लागलं. एका हुतात्म्याच्या तोंडी आपण आपले शब्द घातले, एका श्रद्धावान माणसाच्या विश्वासाला काळं फासलं, असं त्याला वाटत राहिलं. महिन्याभरात कचेरीतली नोकरी लागली. पुन्हा तो त्या जीपमध्ये चढला नाही, आणि पुन्हा कुठल्या मायक्रोफोनसमोरही उभा राहिला नाही. फादर गेल्याचं त्याला वर्तमानपत्रात वाचून कळलं.

*

"दुसऱ्या दिशी सकालीच डोकीवरून न्हाले," गोजरा सांगत होती. बोंबील बाजूला राहिले होते आणि तळवडेकर एका उपड्या टोपलीवर बसले होते. "केस बांधले. आबोली माळली. पाटी घेतली आनि बाजारान गेले. सगला गाव बगत ऱ्हायला. मी बोल्ले, बगू द्या."

"आणि घरचे?"

"सासू, बयाबाई, म्हैनाभर बोल्ली नाय माज्याशी. मंग एक दिस तीच फुला घेऊन आली. बोल्ली, बस, मी माळते." गोजरानं कोयता पुसला. "त्या बाईचे बोल मी एक दिस इसरले नाय, मास्तर. पोराला शिकवला, दोन होड्या केल्या, सगला त्या बोलांवर. तिच्यावर सुरा उगारलेला, तरी ती फूल माग्ते! मंग मना काय झालता?"

तळवडेकर रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. सांगावं का? या बाईनं ज्याच्यावर आयुष्य उभं केलं ते एका घुम्या पोराचं, टॉर्च विझल्यावरचं बडबडणं होतं, हे सांगावं?

तेवढ्यात गोजराची नात प्रिया आजीचा डबा घेऊन आली. बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात काम करणारी, चटपटीत मुलगी.

"म्हणजे तुम्ही खरे आहात!" ती म्हणाली. "मला वाटायचं आजीनं स्टोरी बनवलीये. आजोबा, तुम्हाला माहितेय का, त्याच बाईवर नवीन पिक्चर आलाय. हिंदी डब. सीवूड्सला लागलाय. आजी, ट्रेलर बघ ना."

फोनच्या काचेवर काहीतरी लालभडक चमकलं. गोजरानं मान मागे घेऊन पाहिलं.

"हीच का ती?"

"हीच."

"मंग काड तिकटा. मास्तरचा पन काड. ह्याला घेतल्याबिगर कसा जायाचा?"

*

"तुम्हाला टेन्शन कसलं आलंय, बाबा?" रात्री जेवताना त्यांच्या मुलीनं, वैशालीनं विचारलं. तळवडेकरांनी सगळं सांगितलं होतं, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. "पिक्चर बघायचा, पॉपकॉर्न खायचं, घरी यायचं."

"अगं, त्या सिनेमात ते वाक्य नसणार. कुठेच नाहीये ते. मी मागे वाचनालयात त्यावरची पुस्तकं काढून पाहिली. केस बांधल्याचं आहे, ते जुन्या कथेतलंच. फूल नाही. ते बोलणं नाही. ते माझं."

"मग काय झालं?"

"तिला कळेल की मी खोटं बोललो."

"कळलं तर कळलं. एवढ्या वर्षांनी ती काय तुमच्यावर कोयता उगारणार आहे?" वैशाली हसली, मग त्यांचा चेहरा बघून थांबली. "तुम्हाला भीती कशाची वाटते? ती रागावेल त्याची?"

तळवडेकर भात कालवत राहिले. रागाची नव्हती. तिच्या डोक्यातली ती वेणी सिनेमा संपता संपता नुसती फुलं होऊन जाईल, याची होती. म्हातारपणी कुणाच्या पायाखालची फळी काढून घ्यायची म्हणजे काय!

मंगळवारी ते मुद्दाम दिवाळ्याला गेले. वाक्य पाठ करून गेले होते: "गोजराबाई, त्या रात्री एक गैरसमज झाला होता." पण गोजराभोवती पाचसहा बाया जमल्या होत्या.

"ह्यो बगा मास्तर! आरं, बोलून दाखव ना ह्यांना. सुरा उगारला तवा ती काय बोल्ली?"

"माझा घसा बसलाय," तळवडेकर म्हणाले आणि अर्धा किलो नको असलेली कोळंबी घेऊन परतले.

*

बुधवारी दुपारच्या खेळाला थिएटरात मोजून अकरा माणसं होती. गोजरा हिरवं नऊवारी नेसून आली होती, नवी वेणी माळून. खुर्चीचं बटण दाबल्यावर पाय वर झाले तशी ती दचकली. "अगं बाई, ही तं खाट हाय!" मग फार आवडून तिनं तीनदा वरखाली करून पाहिली. मधे ती बसली. एका बाजूला प्रिया, एका बाजूला तळवडेकर.

सिनेमा सुरू झाला आणि तळवडेकर स्वतःशीच खंतावले. केवढा तो पडदा, कुठे ठिगळ नाही, वाऱ्यानं हलत नाही. शहर असं दिसत होतं की प्रत्येक वीट मोजावी. बाप पायां पडला तेव्हा त्याच्या डोळ्यातलं पाणी टरबुजाएवढं. आवाज खुर्चीतून अंगात शिरत होता.

"ह्यो बाप तवाचा बाप नाय," गोजरा कुजबुजली. "त्यो बारीक व्हता."

"हो. आणि मिशी नव्हती."

"मना आठवते."

मैदान आलं. गाय नव्हती, रेडाही नव्हता. सिंह होता, तोही आयाळ झटकत सावकाश चालणारा. आणि पर्पेतुआचे केस मोकळे. सुरुवातीपासूनच मोकळे, तुरुंगातही मोकळे, आणि आता तर वाऱ्यावर लांबच लांब उडत होते, सावकाश, पुन्हा सावकाश. सिनेमावाल्यांना मोकळ्या केसांची फार हौस. तळवडेकर खुर्चीच्या हातांना घट्ट धरून वाट पाहत होते. निदान केस तरी बांधेल. जुन्या कथेत आहे तेवढं तरी. पण रक्त उडालं, कुणी किंचाळलं, पुन्हा रक्त उडालं, आणि केस काही बांधले जाईनात. एवढा पैसा ओतून सगळं दाखवलं आणि नेमकं तेच विसरले.

पडद्यावर तलवार उगारली गेली.

त्यांना राहवेना. "गोजराबाई," ते तिच्या कानाशी म्हणाले, "मला तुम्हाला काही सांगायचंय. ते... फुलाचं. ती तसं बोललेली नाही. कधीच नाही. त्या रात्री माझी बत्ती विझली होती, वही दिसत नव्हती. मी माझ्याच मनानं बोललो. मला माफ करा."

गोजरानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"मना म्हाईत हाय."

"काय?"

"आरं, मी तुज्या बाजूलाच तं बसले व्हते. चाकाला टेकून. बत्ती विजली ती मी बगितली ना. तू वही उलटीपालटी केलीस, मंग ठेवलीस. आनि मंग तू बोल्लास." ती जरा थांबली. "कागदावरचा सगल्यांसाटी असते, मास्तर. त्ये तू माज्यासाटी बोल्लास. त्ये मना कलला. म्हनून तं केस बांधले. ती दूर देशाची बाई, ती कशाला माजा नाव घेल?"

चाळीस-पन्नास वर्षं जपलेली एखादी लाज अशी सहज कुणी हातातून काढून घेतली की हातांचं काय करावं तेच कळत नाही.

"मग बाजारात सगळ्यांना तिचे बोल म्हणून का सांगता?"

"तुजा नाव कुटं ठाव व्हता मना?" आणि तिनं एकदम आपला तळवा उभा केला, दोघांच्या डोळ्यांसमोर, मासळीचा वास असलेला, रेघारेघांचा. मोठा पडदा त्याच्यामागे नाहीसा झाला. "पादरीबाबा असाच हात धरायचा ना? आता बोल. ह्यांना नाय जमला त्ये तू बोल."

"इथे? लोक आहेत, गोजराबाई."

"लोक फुडं बगतान. तू बोल."

तळवडेकरांनी त्या तळव्याकडे पाहिलं. आणि मग, सिंहाच्या डरकाळीखालून, कुणा दुसऱ्याचा वाटावा असा तो आवाज आला. थोडा फाटलेला, म्हातारा झालेला, पण तोच.

"पर्पेतुआ म्हणाली, थांबा. आधी माझे केस बांधू द्या..."

"अंकल, प्लीज," मागच्या रांगेतून कुणी म्हणालं.

"एक मिनिट थांबा ना," प्रिया मागे वळून म्हणाली. "त्यांचं चालू आहे."

त्यांनी सगळं म्हटलं. एक शब्द पडला नाही. "बघणाऱ्यांना बघू द्या" म्हणून ते थांबले तेव्हा गोजरानं हात खाली घेतला. पडद्यावर आकाश होतं, ढग होते. ते मात्र अगदी तसेच होते.

*

बाहेर रिक्षाची वाट बघत तिघं उभी राहिली. फादरांच्या "फूल माझ्या कागदात नव्हतं" या वाक्यात रागच होता असं आपण का धरलं, असा विचार पहिल्यांदाच तळवडेकरांच्या मनात येत होता. सेल नवे घे, म्हणाले होते. म्हणजे पुन्हा ये, असंच ना?

"मास्तर," गोजरानं विचारलं, "तिच्या पोराचा पुडं काय झाला? तवा पन सांगितला नाय, आज पन नाय."

"पुस्तकांत फारसं नाही त्याबद्दल. मला नाही माहीत."

"नाय म्हाईत तं सांग तुज्या मनाचा. तवा सांगितलास तसा."

रिक्षा आली. प्रियानं आजीला आत बसवलं, मग तळवडेकरांना. रिक्षा दिवाळ्याच्या दिशेला वळली, वारा आत आला, आणि आबोलीचा नसलेला वास त्यांना उगाचच आल्यासारखा वाटला. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"तो मुलगा आजोबांकडे वाढला," ते म्हणाले. "त्यांचं घर समुद्राकाठी होतं..."